नगरसेवक नव्हते, तर काय बिघडलं?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाचा. पुण्यात आणि अनेक जिल्हा परिषदांतही तेच. त्या काळात घरी फोन केला की हमखास ऐकू यायचं, "नगरसेवक नाहीत तेच बरं, टक्केवारी तरी वाचली." वैताग समजतो, पण हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. ठेके प्रशासकाच्या काळातही निघतच होते. फक्त जाब विचारायला आपल्या वॉर्डात कुणी उरलं नव्हतं.

मी स्वीडनमध्ये राहते. इथे बहुतेक पगारदार केंद्र सरकारला पगारावर आयकर देतच नाहीत. त्यांच्या पगारावरचा कर, सरासरी शेकडा ३२ च्या आसपास, कम्यूनकडे म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे आणि प्रादेशिक परिषदेकडे जातो. शाळा, पाळणाघरं, वृद्धांची देखभाल कम्यूनकडे. दवाखाने प्रादेशिक परिषदेकडे. कराचा दर तिथले निवडून आलेले सदस्य ठरवतात. शंभर क्रोनरमागे पंचवीस ओर (म्हणजे पाव क्रोनर) वाढवायचे म्हटलं, तरी कुठल्या शाळेसाठी, कुठल्या वृद्धाश्रमासाठी, हे त्यांना लोकांना सांगावं लागतं. पैसा आणि जबाबदारी एकाच दारात असल्यामुळे कुणाला धरायचं ते माणसाला नेमकं माहीत असतं.

आपल्याकडे शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पालिकांकडे सोपवायचे १८ विषय बाराव्या अनुसूचीत आले. पण आयुक्त नेमतं राज्य सरकार, आणि महापौराच्या हाती कार्यकारी अधिकार जवळपास नाहीत. मुंबईचं हक्काचं उत्पन्न होतं जकात. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, आणि पालिका राज्याच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसली. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्षही पालकमंत्रीच. मग नगरसेवकाच्या वाट्याला उरतं काय? गटार, पेव्हर ब्लॉक आणि त्यांची टेंडरं. टक्केवारी तिथेच फोफावते.

इथेही सगळं आलबेल नाही. १९९१ मध्ये शाळांची जबाबदारी केंद्र सरकारकडून कम्यूनकडे गेली, आणि २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या चौकशीने तो प्रयोग फसल्याचं नोंदवलं. कम्यूनची तयारी नव्हती, शिक्षकांना विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. म्हणून अधिकार देताना माणसं आणि वेळही द्यावा लागतो. शिवाय पुणे जेवढा कर गोळा करू शकेल, तेवढा गडचिरोलीतली नगरपरिषद कशी करणार? इथे श्रीमंत कम्यूनचा पैसा कायद्याने गरीब कम्यूनकडे वळवला जातो. आपल्याकडे त्यासाठी राज्य वित्त आयोग आहे, पण त्याच्या अहवालांवर चर्चा करायला कुणाला सवड नसते.

आणि "आपल्या लोकांना जमणार नाही" असं कुणी म्हणालं, तर मी त्याच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाकडे बोट दाखवेन. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा जुनीच. वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा त्या घोषणेला बळ मिळालं. बांबू कुणाला विकायचा आणि आलेल्या पैशाचं काय करायचं, हे ग्रामसभा ठरवू लागली.

आता पालिकांची सभागृहं भरली आहेत. जीएसटीतला ठरावीक वाटा कायद्याने पालिकांच्या नावे करा आणि आयुक्ताची नेमणूक सभागृहाच्या संमतीने होऊ द्या, या दोन मागण्या प्रत्येक नगरसेवकाने, पक्ष कोणताही असो, पहिल्याच वर्षी ठरावात मांडाव्यात. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला तेवढं जरूर विचारा.