पिवळ्यातला मागचा

हिरव्याला जायचं, लालला थांबायचं, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. परीक्षा बघतो तो पिवळा. नियम म्हणतो, पिवळा लागला की रेषेआधी थांबा. थांबणं धोक्याचं असेल तरच पुढे जा. आता धोका आहे की नाही, हे मुंबईत समोर बघून कळत नाही. त्याला आरसा लागतो.

दादर टीटीला पिवळा पडला की माझी नजर आधी आरशात जाते. मागे गाडी शिकणारा असेल तर मी निर्धास्त थांबतो. शीव-माहीमच्या या बाजूला रिक्षा येत नाहीत, तेवढा एक शत्रू कमी. पण मागे काळी-पिवळी असली, की तिचा पुढचा दिवा माझ्या डिकीत काहीतरी शोधत असतो. शेजारून बायको म्हणते, "अहो, थांबा!" मागून हॉर्न म्हणतो, "काढा!" आणि पाय दोघांचंही ऐकतो.

गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या संशोधकांच्या त्रिकुटाने 1960 साली ही कात्री चक्क गणितात मांडली. ताशी 50 च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण 14 मीटर जाते. पिवळा 3 सेकंदांचा, म्हणजे 42 मीटर. आणि बेताने ब्रेक दाबून थांबायला लागतात 45च्या वर. मधल्या पट्ट्यात सापडलात तर थांबताही येत नाही आणि लालच्या आधी रेषाही गाठता येत नाही. छान आहे. पण दादरला 50 चा वेग रात्री दोनला मिळतो. आम्ही भरदुपारी ताशी दहाने जाऊनही त्याच कात्रीत सापडतो, कारण त्या समीकरणात मागचा टॅक्सीवाला धरलेला नाही.

परवा मी थांबलो. करकचून ब्रेक, मग हॉर्नचा अखंड हरिनाम सप्ताह. टॅक्सी शेजारच्या रांगेत घुसली, काच खाली आली.

"काका, गाडी विकायला काढलीय का?"

मी शांतपणे त्याला मुंबई पोलिसांचा 2020 चा प्रयोग सांगितला. काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले होते. हॉर्नचा आवाज 85 च्या वर गेला की लालचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्याने मान डोलावली.

"तेच म्हणतोय ना काका, पिवळ्यातच काढायची होती!"