पडणाऱ्या दाताची उस्तवार

दुधाचा दात पडण्यासाठीच येतो आणि जे पडणारच आहे त्यावर खर्च करू नये, असा आमच्या सिंधुदुर्गात एक सर्वमान्य अर्थशास्त्रीय सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त मांडणारी माणसे दरवर्षी मृगाच्या आधी घराची कौले परतून घेतात आणि पडवीला झापांचा आडोसा करतात. तो आडोसा चार महिन्यांनी काढायचाच असतो, म्हणून यंदा भिजत बसू, असे कोणी म्हणत नाही. मात्र घरातल्या लहान मुलाची दाढ किडली, की याच मंडळींना एकाएकी जगाच्या क्षणभंगुरतेचा साक्षात्कार होतो.

आमच्या सईची खालची डावी दाढ ठणकू लागली तेव्हा हा साक्षात्कार सर्वप्रथम माझ्या आईला झाला. "पडाचीच दाढ ती, तेका कित्याक पैशे घालतस?" असा निकाल देऊन ती मशेरी लावायला मागील दारी निघून गेली. आईच्या तोंडात आता स्वतःचे असे फार थोडे दात उरले आहेत. परंतु दातांविषयीचा अधिकार दातांच्या संख्येवर अवलंबून नसतो, हे आमच्या घराने केव्हाच मान्य केलेले आहे. तिने बालपणी तुसाची राखुंडी आणि मीठ वापरले, क्वचित करंजाची काडी चावली आणि आयुष्यात कधी दंतवैद्याचे तोंड पाहिले नाही. सुश्रुताने दात घासण्याच्या काड्यांमध्ये कडू चवीत कडुनिंब आणि तिखट चवीत करंज श्रेष्ठ मानला आहे, हे मी तिला सांगितले. त्यावर, सुश्रुत शहाणा होता, असे प्रशस्तिपत्रक त्याला मिळाले. सईच्या दाढेचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

दुसरा उपाय शेजारच्या भाऊकाकांनी आणला. भुईरिंगणीच्या सुक्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर करवंटी पालथी घालायची, करवंटीच्या डोळ्यात पपईच्या पानाचा देठ खोवायचा आणि त्यातून निघणारा धूर किडक्या दाढेवर घ्यायचा. मग तोंडातली लाळ वाटीतल्या पाण्यात सोडली, की पांढरी कीड तरंगताना दिसते. भाऊकाकांनी ती स्वतः पाहिलेली आहे आणि त्यांच्या आजोबांनीही पाहिली होती. वाटीत तरंगते ते उष्णतेने फुटलेल्या बियांचे पोटातले पांढरे कोंब असतात, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. शिवाय या समजुतीत ते एकटे नाहीत. युरोपातही खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देऊन अशाच 'अळ्या' शतकानुशतके दाखवल्या जात होत्या. त्याही आधी बाबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर दातातल्या किड्याची जन्मकथाच कोरलेली आहे. देवाने या किड्याला पिकलेले अंजीर खायला देऊ केले असता त्याने ते नाकारले आणि मला दात व हिरडी यांच्यामध्ये बिऱ्हाड द्या, असा हट्ट धरला. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे इतका चोखंदळ किडा पाहून मला त्याचा आदरच वाटला.

या किड्याला बेघर केले ते पिएर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने. दंतवैद्यकाचा पहिला शिस्तबद्ध ग्रंथ त्याने १७२८ साली प्रसिद्ध केला. आपण सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि किडलेल्या दातात अळी काही आढळली नाही, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले. वास्तविक त्याच्याही आधी, १६८३ साली, हॉलंडच्या लेव्हेनहुकने दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला होता आणि त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना पाहिले होते. परंतु त्या जीवांचा आणि दात किडण्याचा संबंध स्पष्ट व्हायला १८९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी विलोबी मिलर याने मांडले, की तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील चुना विरघळवते. म्हणजे भाऊकाकांचे अगदीच चुकलेले नाही. दातावर जीव असतातच. फक्त ते धुराने वाटीत उतरण्याइतके आज्ञाधारक नसतात.

यातून एक गोष्ट अशी निघते, की मूल गोड किती खाते यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ खाते हे महत्त्वाचे ठरते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि विरघळलेला चुना काही प्रमाणात परत बसवते, पण त्यासाठी तिला मध्ये उसंत मिळावी लागते. आमच्याकडच्या जत्रांचा हंगाम ही उसंत देत नाही. दशावताराला बसलेले मूल खाज्याची पुडी मांडीवर घेऊन बसते आणि गणपतीच्या प्रवेशापासून पहाटे राक्षस मरेपर्यंत, गूळ आणि आले यांत घोळवलेले एकेक खाजे दाढेखाली सारत राहते. गूळ दाढेच्या खाचेत बसतो, मूल आईच्या मांडीवर झोपते आणि झोपेत लाळही कमी सुटते. राक्षस मरतो, जंतूंचे मात्र उत्तम चालते.

शेवटी आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. तेथे लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाई कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून शनिवारी येतात. बाहेरच्या बाकावर बसलेल्या पालकांचे चेहरे पाहिल्यावर दाढ कोणाची काढायची आहे, असा प्रश्न पडावा. माझ्या शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाला, "काय्येक दुखणा नाय, सुई टोचूची नाय, रगात येवचा नाय," असा धीर देत होते. तोपर्यंत त्या मुलाला यांपैकी काही होऊ शकते याची कल्पनाही नव्हती. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी प्रथम मलाच सांगितले, की सुई, दुखणे आणि रक्त हे शब्द या खोलीत उच्चारायचे नाहीत. मी तोंड मिटून घेतले आणि त्या सईकडे वळल्या.

त्यानंतर जे घडले ते मी शिक्षणशास्त्राच्या पदवीतही शिकलो नव्हतो. त्यांनी छोटा आरसा सईच्या हातात दिला, तो कशासाठी आहे ते सांगितले, पाण्याच्या फवाऱ्याची नळी तिच्या तळहातावर चालवून दाखवली आणि मगच ती तोंडात नेली. आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि नंतर करायचे, ही पद्धत हॅरॉल्ड ॲडल्स्टन यांनी १९५९ साली मांडली आणि आजही जगभर वापरली जाते. मुलाच्या वागणुकीची नोंद करायलाही एक मोजपट्टी आहे. १९६२ साली फ्रँकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली असून तिच्यात संपूर्ण असहकारापासून आनंदी सहकारापर्यंत चार पायऱ्या आहेत. सईला तिसरी पायरी मिळाली. यंत्राचा आवाज सुरू होताच मी खुर्चीचा हात ज्या रीतीने धरला, ते पाहून डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसण्याची विनंती केली. पालकांसाठी वेगळी मोजपट्टी नसल्यामुळे माझी पायरी नोंदवली गेली नाही.

बाहेर बसल्यावर मला न्यूझीलंड आठवले. त्या देशाने १९२१ साली मुलांचे दात शाळेतच तपासावेत म्हणून तरुणींना खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि पुढे शाळांच्या आवारात दवाखाने उभे राहिले. योजना इतकी चांगली होती, की इतर देशांनी ती उचलली; तरी पायाने चालवायच्या यंत्राखाली बसलेल्या मुलांनी त्या दवाखान्यांना 'खूनघर' असे नाव ठेवले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आपल्याकडे याच सुमारास, १९२० साली, डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. कोकणातल्या मुलांना अर्थातच खूनघराची भीती नव्हती. त्यांच्यासाठी भुईरिंगणी होती.

आत बोलावल्यावर डॉक्टरबाईंनी मला क्ष-किरण चित्र दाखवले आणि माझ्या आईच्या अर्थशास्त्राला तेथे पहिला तडा गेला. दुधाच्या दाढेला चांगली लांब, फाकलेली मुळे होती आणि त्या मुळांच्या कमानीत पुढची कायमची दाढ अर्धवट तयार होऊन बसलेली होती. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ दिसत नाही, म्हणून त्याला मूळ नसतेच असे आपण समजतो. प्रत्यक्षात खालून येणारा दात ते मूळ हळूहळू झिजवत वर सरकतो. वरची दाढ सडली तर पू खालच्या कोंबापर्यंत पोहोचू शकतो, आणि वेळेआधी काढली तर शेजारची दाढ पुढे सरकून जागा बळकावते. जागा बळकावणे म्हणजे काय, हे सामायिक सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यातून ही दाढ पडण्याचे वय दहा ते बारा. सईला अजून चारपाच वर्षे तिच्यावरच जेवायचे होते.

मग त्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. मुळांत भरायचे औषधही असे निवडतात, की मूळ झिजेल तसे तेही विरून जावे. त्यातल्या लवंगेच्या तेलाचा वास खोलीभर पसरला, तेव्हा एवढ्या विज्ञानातून अखेर आजीच्याच फडताळातली वस्तू निघाली, याचे मला समाधान वाटले. वरून पोलादाची चकचकीत टोपी बसवली गेली. १९५० साली अमेरिकेतल्या विल्यम हम्फ्री यांनी मुलांच्या दाढांसाठी ती प्रथम सुचवली होती.

खरे हाल त्यानंतर घरी सुरू झाले, कारण डॉक्टरबाईंनी रात्रीचा ब्रश माझ्याकडे सोपवला. सातआठ वर्षांचे होईपर्यंत मुलाला स्वतः नीट घासता येत नाही, म्हणून मोठ्यांनी घासून द्यायचे. पेस्ट जाहिरातीतल्यासारखी लाटांची न घेता तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी घ्यायची. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात सईचे डोके मांडीवर, एका हातात मोबाइलची बत्ती, दुसऱ्यात ब्रश आणि गाल ओढून धरायला तिसरा हात नाही, अशा अवस्थेत मी दररोज रात्री बसतो. आणि गाल ओढला गेला, की तिला नेमके शाळेतले काहीतरी सांगायचे असते. याच बैठकीत मला सगळ्या दाढांच्या मागे, हिरडीतून अर्धे डोके काढलेली एक नवी दाढ दिसली. ही सहाव्या वर्षी येते, कोणताही दात न पाडता येते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि ती कायमची असते. "दुधाचीच ती," असे आई चष्मा न लावता म्हणाली.

मी तिच्यापुढे काश्यपसंहिता ठेवली. बालकांच्या या प्राचीन ग्रंथात दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. माणसाच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येतात आणि उरलेले दोनदा, असे त्यात म्हटले आहे. आजच्या हिशेबाने एकदाच येणाऱ्या दाढा बारा आणि बदलणारे दात वीस. बेरीज बत्तीसच येत असल्यामुळे परीक्षक या नात्याने मी काश्यपांना पुष्कळ गुण देतो. जितक्याव्या महिन्यात दात येतो तितक्याव्या वर्षी तो पडून पुन्हा येतो, हे त्यांचे दुसरे सूत्र तर पुढच्या दातांना बऱ्यापैकी लागू पडते. एकदाच येणारी दाढ असते, हे ऋषींनी सांगितल्यावर आईने ते तत्काळ मान्य केले. तेच डॉक्टरबाईंनी सांगितले होते, तेव्हा त्या कोल्हापूरच्या होत्या.

सईच्या वर्गात मात्र पोलादी दाढेने खळबळ उडवली. मधल्या सुट्टीत तिच्यापुढे रांग लागते आणि ती एकेकाला तोंड उघडून दर्शन देते. परवा तिच्या वर्गमित्राच्या वडिलांचा मला फोन आला. त्यांच्या मुलाचे सगळे दात उत्तम असून, आपल्यालाही चांदीची दाढ हवी म्हणून त्याने दोन वेळचे जेवण सोडले होते, तेव्हा तुमच्या मुलीला जरा तोंड बंद ठेवायला सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. मी फोन सईकडेच दिला. तिने त्यांचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, तुमी रातचो ब्रश करतास?" पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही, मग नेटवर्क नसल्याचे त्यांनी अगदी स्पष्ट आवाजात सांगितले.