.३०-०६ची फुकट पुंगळी: तीन शब्दांचा प्रतिवाद

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. वाइल्डकॅटसाठी, म्हणजे कारखान्यात तयार न होणाऱ्या, हौशी लोकांनी स्वतः बेतलेल्या काडतुसासाठी, महागड्या पुंगळ्या घेऊ नयेत. मैदानावर पडलेली .३०-०६ या अमेरिकी लष्करी काडतुसाची रिकामी पुंगळी, म्हणजे दारू भरण्याची पितळी नळी, उचलावी आणि डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून हवे ते काडतूस घडवावे, कारण ती फुकट असते आणि पितळ शेवटी एकच, असा तो सल्ला. त्यात तथ्य आहे. मात्र ‘हवे ते’, ‘एकच’ आणि ‘फुकट’ हे तिन्ही शब्द सैल हाताने वापरलेले आहेत.

‘हवे ते’ हा शब्द काही काडतुसांपुरता खरा आहे. .२५-०६ हे १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणण्यापूर्वी सुमारे अर्धशतक वाइल्डकॅटच होते आणि .३०-०६ची मान, म्हणजे गोळी धरणारे निमुळते टोक, आवळूनच ते घडवले जाई, १९२२च्या .३५ व्हेलनसाठी तीच मान फुगवली जाते. या दोन्हींची लांबी मूळ पुंगळीइतकी, म्हणजे सुमारे ६३.३ मिलिमीटर, असल्यामुळे काम सोपे होते. पण .२८० रेमिंग्टनची पुंगळी सुमारे ६४.५ मिलिमीटर लांब असल्याने तिच्यावर बेतलेल्या वाइल्डकॅटसाठी .३०-०६ घेतली, तर मान मिलिमीटरभराहून अधिक तोकडी राहते. ६.५×५५ स्वीडिश या काडतुसाच्या कुळात अडचण बुडाशी आहे. तिथला व्यास १२.२ मिलिमीटर, तर .३०-०६चा १२हून किंचित कमी. हा पाव मिलिमीटर डायने भरून निघत नाही, बार उडताना पुंगळीच तेवढी फुगते. मान कितीही घडवता येते, बूड घडवता येत नाही, हे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत.

‘पितळ एकच’ हे मिश्रणापुरते बरोबर आहे: ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. परंतु धातू प्रत्येक दाबासरशी कडक होत जातो आणि मान वेळेवर तापवून मऊ केली नाही तर ती उभी चिरते. पितळाच्या या स्वभावाचा धडा भारतातही मिळालेला आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे न वापरताच तडकत. ओढून घडवलेल्या पितळात अडकलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ही दोन कारणे एकत्र आल्याचा उलगडा १९२१ साली प्रसिद्ध झाला. मळकट पुंगळ्या अमोनियायुक्त पॉलिशने चकचकीत करून डायमध्ये घालणाऱ्यांनी हे जरूर आठवावे. शिवाय लष्करी पुंगळीची भिंत पुष्कळदा जाड असते, त्यामुळे आतली जागा घटते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो. बुडावर वेगवेगळ्या कारखान्यांच्या खुणा असलेल्या पुंगळ्या मिसळल्या की प्रत्येकीचा दाब वेगळा. मग गोळ्या निशाणावर का पसरतात, याचे नवल कसले?

राहिले ‘फुकट’. लष्करी प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी बुडातली टोपी, कडेने ठोकून पक्का केलेला असतो, म्हणून तो काढल्यावर खोबणीची ती कड कापावी लागते. त्याहून महत्त्वाची तपासणी आतली. मशीनगनच्या सैल चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, उडालेली पुंगळी बुडाच्या थोडी वर ताणलेली असते. सरळ केलेल्या पेपरक्लिपचे टोक किंचित वाकवून आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढावे. ते एखाद्या खाचेत अडकले, तर ती पुंगळी भंगारात टाकावी, कारण पुढच्या बाराला ती तिथेच तुटण्याचा धोका असतो. अशा फेकलेल्या, घडवताना मानेखालच्या उतारावर, खांद्याशी, चुरगळलेल्या आणि मानेला चिरलेल्या पुंगळ्या वजा करून, उरलेल्यांवर घातलेले तास मोजले, म्हणजे एकाच खेपेतल्या नव्या .२८० किंवा .३०-०६ पुंगळ्यांची पेटी महाग वाटेनाशी होते. .३५ व्हेलनपुरती मात्र मीही उचललेलीच वापरीन, फक्त एकाच खुणेची निवडून.

घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर शेवटपर्यंत मूळचीच खूण कोरलेली राहते, नव्या काडतुसाचे नाव नव्हे, तेव्हा पेटीवर खरे नाव ठळक लिहून ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी.