माझं नाव तरी घेतलं का त्यांनी?

सकाळी एका ग्रुपवर फॉरवर्ड आला. इंग्रजांचे कायदे गेले, न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली, गुलामी संपली. खाली तिरंगे आणि जोडलेले हात. मी तेव्हा अण्णांबरोबर हायकोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. आमचं मॅटर बोर्डावर 61 नंबरला.

पुकारा झाला. आमचे वकील, समोरचे वकील आणि न्यायमूर्ती, सगळं इंग्रजीत. तीन मिनिटं झाली असतील नसतील. अण्णा मागे भिंतीला लागून उभे, सातबारे-फेरफारांची कापडी पिशवी छातीशी धरून. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझं नाव तरी घेतलं का त्यांनी?"

म्हटलं, घेतलं की!

खोटं बोलले. 'अपेलंट' म्हणाले होते, म्हणजे अपील करणारा.

हेच अण्णा खालच्या कोर्टात काय उभे राहिले होते! तिथे 1998 च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. उलटतपासात समोरच्या वकिलाने ओढा पश्चिमेला ढकलला, तर यांनी तिथल्या तिथे, "साहेब, ओढा पूर्वेला आहे, मी रोज ओलांडतो," म्हणून नोंद दुरुस्त करून घेतली. तोच माणूस आज स्वतःच्या जमिनीच्या अपिलात मुका उभा होता.

आणि कुठले कायदे गेले हो? 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहितेची भारतीय न्याय संहिता झाली. 420 चं कलम 318 झालं, आता लबाडाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पण जमिनीचा, वाटणीचा, वहिवाटीचा दावा आजही 1908 च्या दिवाणी संहितेवरच चालतो. त्या संहितेत लिहिलंय की सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत. हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. आमचे चुलते, म्हणजे प्रतिवादी, मधल्या मधे वारले. त्यांचे वारस रेकॉर्डवर आणण्यातच किती तारखा गेल्या! आता त्या चुलतभावांशी आमचं काही वैरही उरलेलं नाही. आजसुद्धा कँटीनला चहा एकत्रच घेतला. त्यांनाही आत काय झालं ते कळलं नव्हतं.

त्याच 1908 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन भारतीय. 'केसरी'तले मराठी लेख इंग्रजी भाषांतरातून तोलले गेले आणि भाषांतर चुकीचं आहे हे टिळकांना स्वतः उभं राहून सांगावं लागलं. सहा वर्षांची शिक्षा. आपण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो. टिळकांना इंग्रजी येत होतं म्हणून निदान भांडता तरी आलं. अण्णांनी काय करायचं?

हो, माहीत आहे, न्यायमूर्ती बदलून दुसऱ्या राज्यांतून येतात, सगळ्यांना मराठी कुठून येणार. मान्य. सुप्रीम कोर्टाचे काही निकाल आता मराठीत मिळतात, कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, तेही मान्य. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 मध्येच वाट ठेवलेली आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींची संमती घेऊन हायकोर्टाच्या कामकाजात राज्याची भाषा आणता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारात हिंदी चालते. आपण अभिजात दर्जाचे पेढे वाटले आणि घरी गेलो!

आमच्या वकिलांवर राग नाही. बाई सज्जन आहेत, बाहेर आल्यावर त्यांनी अण्णांना नीट मराठीत समजावलं. पण ते समजावणं म्हणजे डॉक्टरने ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांना सांगावं तसं. अण्णा नातेवाईक नाहीत हो या केसचे. केस त्यांची आहे.

संध्याकाळी ऑर्डर अपलोड झाली. अण्णा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. "वाच." दोनच ओळी होत्या. वाचल्या, मग मराठीत सांगितलं: वेळेअभावी सुनावणी पुढे ढकलली, चार आठवड्यांनी ठेवा.

"एवढंच? मग ते तिघं काय बोलत होते?"

मलाही नीट ऐकू आलं नव्हतं. पिशवी त्यांनी परत खुंटीला लावली. फॉरवर्ड पाठवणाऱ्या मित्रा, तुला उत्तर द्यायचं राहिलंय, हेच समज.