काही खबर शे का व?

तुमच्या नात्यात एखादी सून असेल, लग्नाला चार वर्षं झालेली आणि कडेवर अजून कोणी नसलेली, तर तुम्हाला रात्र रात्र झोप लागत नसणार. तिचं काय करायचं, ते परवाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, अमळनेर तालुक्यात, अगदी जवळून शिकून आले. लिहून ठेवते, उपयोगी पडेल.

सुरुवात "काही खबर शे का व?" अशी करावी. आवाज एवढा लावावा की झोक्यावरच्या पोरींचं गाणं थांबलं पाहिजे. ती नाही म्हणाली की तिच्या पोटाकडे बघावं. तोंडाकडे बघू नये, तिथे उगाच काहीतरी दिसायचं.

वजनावर बोलावंच. जाड असेल तर "खाणं आवर". बारीक असेल तर "अंगावर मांस नाही, पोर राहील कुठं?" माझं वजन ४९ किलो. मला पीसीओडी आहे, म्हणजे बीजांडकोशातला हार्मोनचा बिघाड. तो बारीक बायकांनाही असतो असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण त्यांना मुलं किती? दोन. आमच्या मावशीला पाच. कोणाचं ऐकायचं, तुम्हीच सांगा.

रावेर-यावलकडून जुळी केळी मागवावीत.

"गाठी" हा शब्द सोडू नये. मावशीने मला झोक्यावरून उतरवलं, का, तर "गाठी हालतीन व माय." मी सांगून पाहिलं की पीसीओडीत सोनोग्राफीला दिसतात त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली बीजं असतात. शरीरात इन्शुलिन वाढलं की बीजांडकोशात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतं, मग एकही बीज धड पिकत नाही आणि पाळी दोन-दोन महिने लांबते. नुसत्या सोनोग्राफीवरून ठरतही नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिनातल्या दोन खुणा लागतात, २००३ पासून डॉक्टर असंच ठरवतात. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग आईला म्हणाली, "बहू गाठी शेतस वाटतं."

"टेन्शन घेऊ नको" हे दर तासाला म्हणावं. टेन्शन घेण्यासारखं असतं काय? पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या. दहाव्या दिवसापासून एकाआड एक दिवस पारोळ्याहून सकाळची एसटी धरून धुळे, तिथे टोकन घेऊन बसायचं आणि पडद्यावर बीज किती मिलिमीटर झालं ते बघायचं. १२. मग १४. मग सुट्टी घेतली त्या दिवशीही १४च. १८-२०च्या घरात गेलं की बीज फुटायचं इंजेक्शन, आणि पुढचे दीड-दोन दिवस महत्त्वाचे. मार्चमध्ये बीज झकास १९ झालं. इंजेक्शन घेऊन घरी आले तर चुलतसासरे मुक्कामाला आलेले, आणि त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणून खालची आमची खोली दिलेली. मी सासूबाईंजवळ झोपले, हे गच्चीवर. टेन्शन मुळीच घेतलं नाही.

आशीर्वाद द्यायचाच तर "पहिला आंडोरच होऊ दे", म्हणजे मुलगाच, असा द्यावा. २०११च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८४२ होत्या, म्हणजे आशीर्वाद फळतात.

आणि शेवटचं, जावयाला मात्र काही विचारू नये.

संध्याकाळी हे मला घ्यायला आले. माझ्या ताटातली सांजोरी मावशीने उचलली, "तुले गोड चालत नई ना व." आणि तोच हात यांच्या वाटीकडे वळला. "जावईबापू, आणखी घ्या ना रस." तिसरी वाटी. जेवण झाल्यावर खिशातून गुटख्याची पुडी निघाली, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेली. ओट्यावर बसून खाल्ली, अंगणात पिचकारी मारली. मावशीने पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

माझं रक्त पंधरा वेळा काढलंय. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर, आणखी कसली कसली नावं. यांची तपासणी एकच, माझ्या एका सोनोग्राफीपेक्षा स्वस्त, सुई नाही, दुखणं नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत लिहून दिली होती. तिला किती दिवस लागले? चौदा महिने! आधी कापूस वेचणीला आला होता. मग लग्नसराई. मग "मला काय झालंय?" मग सासूबाई, "आमच्या खानदानात असं काही नाही." चौदा महिने मी गोळ्या खाल्ल्या, एसटीचे धक्के खाल्ले, टोमणे खाल्ले, आणि शेवटी रिपोर्ट आला. एका मिलिलिटरमागे शुक्राणू निदान १ कोटी ६० लाख तरी हवेत. आले ७० लाख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तंबाखू बंद, नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. घाबरण्यासारखं काही नाही, उपाय आहेत.

नाहीच घाबरायचं. पण घरी आल्यावर सासूबाईंनी तो कागद कपाटात शालूखाली ठेवला. "बाहेर बोलू नको हं, पोराची अब्रू जाईल." माझा पीसीओडी बोहरीणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा अब्रू कुठे होती? माझी ओटी चारचौघींत टाळलीत, माझ्या ताटातलं उचललंत, झोक्यावरून उतरवलंत, आणि त्या पुडीला तांब्याभर पाणी!

लाज वाटू द्या जरा. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात दोष जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडे, निदान त्याच्याकडेही, असतो. कोणत्याही डॉक्टरला विचारा. तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्हाला उत्तर नकोच आहे, तुम्हाला वांझ हवी आहे एक, सणासुदीला चघळायला.

मावशी, पुढच्या आखाजीला मी येणार आहे आणि झोक्यावर बसणार आहे. खबर विचारायची असेल तर हे ओट्यावर असतील. त्यांना विचार.