मिठाचं पाणी हे ‘गरिबांचं औषध’ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचा राग कळतो. सिस्टिक फायब्रोसिस (छातीत चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना डॉर्नेज अल्फा हे कफ पातळ करणारं औषध वर्षभर झेपणार नसेल, तर आधी नेब्युलायझरनं (औषधाचा बारीक फवारा करणारं यंत्र) मिठाचं तीव्र, निर्जंतुक पाणी द्या, असं मी लिहिलं होतं. ‘पैसेवाल्यांच्या लेकरांना डॉर्नेज अल्फा आणि आमच्या सोलापूरच्या पोरांना मिठाचं पाणी, असं लिहिता तरी कसं? परदेशात तर हे पाणी बंद करायला लागलेत,’ असं तुम्ही विचारलंत. लिहिलेलं मागे घेत नाही, पण कारणं सांगते.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये श्वासनळीच्या अस्तरावर ओलावाच कमी असतो. त्यात जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए कफात साचतो आणि कफ चिकट, चिवट होतो. डॉर्नेज तो डीएनए कापतं. खारं पाणी अस्तरावर ओलावा खेचून आणतं. कामंच वेगळी आहेत, मग त्यात भारी-हलकं कसलं? ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉर्नेजचा नंबर पहिला आहे, मान्य. पण तिथे ते सरकारी आरोग्यसेवेतून मिळतं. इथे रोजचा एक अँप्युल विकत घ्यायचा, तोही २ ते ८ अंशांत सांभाळायचा. पुण्याहून ‘हुतात्मा’ एक्सप्रेसनं बर्फाच्या डब्यात आणायचा आणि मे महिन्यात लाइट गेली की फ्रीजचं दार उघडू नका म्हणून घरभर ओरडायचं. वर्षभर झेपणार असेल तर जरूर द्या. दर दोन महिन्यांनी खंड पडणार असेल, तर खाऱ्या पाण्याची घडी आधी बसवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि त्याला पुरावा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १६४ रुग्ण होते, ६ वर्षांपुढची मुलंही त्यात होती. ७ टक्के मिठाचं पाणी, ४ मिली, दिवसातून दोनदा, ४८ आठवडे दिलं. फुप्फुसाची ताकद थोडीच सुधारली, पण छाती बिघडण्याचे प्रसंग साध्या सलाइनच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. ७ टक्के काही मुलांना झोंबतं, दम लागतो. म्हणून आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल आणि पहिला डोस डॉक्टरांसमोरच. नाहीच सोसलं तर डॉक्टर ३ टक्क्यांचं देऊन बघतात.

परदेशाचं म्हणाल, तर खारं पाणी थांबवून पाहणाऱ्या २०२२ च्या अमेरिकन अभ्यासातले रुग्ण १२ वर्षांपुढचे होते आणि तीन औषधांच्या नव्या गोळीवर होते. ती गोळी आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्यात नाही. गोळीच नाही, तर ‘पाणी थांबवलं तरी चालतं’ हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्या पोरांना कसा लावायचा?

तुमच्या शेवटच्या ओळीनं मात्र मी चिडले. ‘आम्ही पातेल्यात मीठ टाकून वाफ देतो.’ दादा, वाफेबरोबर मीठ वर येत नाही, ते पातेल्यातच राहतं. पोर भाजण्याची भीती वेगळीच. औषध छातीत पोचवतो तो नेब्युलायझरचा फवारा, आणि पाणीही निर्जंतुकच हवं, घरी कालवलेलं नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातलं साठवलेलं वापरतो. त्यानं नेब्युलायझरचा कप नुसता विसळून ठेवला तर स्युडोमोनाससारखे जंतू थेट छातीत जातील. साबणानं धुवा, उकळा, पूर्ण वाळू द्या.

आणखी एक. या मुलांच्या घामातून मीठ फार जातं आणि आपला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. नेब्युलायझरमधल्या मिठानं ती तूट भरत नाही. तोंडावाटे किती मीठ द्यायचं, ते डॉक्टरांना मार्च लागायच्या आत विचारून घ्या.