कुर्द म्हणजे डोंगर आणि बंदूक? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

मराठी व्हॉट्सॲप गटांत आणि फेसबुकवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. सोबत बंदूक खांद्याला लावलेल्या एखाद्या तरुणीचा फोटो. मजकुराचं सार असं: "कुर्द ही डोंगरात राहणारी लढवय्यी जमात. चार देशांत विखुरलेली, पण भाषा एक आणि स्वप्न एक. त्यांना देश नाही, म्हणून नागरिकत्वही नाही. त्यांच्या मुली पुस्तकाऐवजी बंदूक उचलतात, म्हणून तिथल्या बायका सगळ्यांत स्वतंत्र. सीमेवर तस्करी करून पोट भरतात. डोंगराशिवाय त्यांना मित्र नाही. आपल्या मावळ्यांसारखेच!"

लिहिणाऱ्याच्या मनात कौतुक आहे, यात शंका नाही. पण या कौतुकात तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात पसरलेल्या तीन ते चार कोटी माणसांचं रोजचं जगणं पुसलं जातं. त्यांच्यावर जे अन्याय झाले, तेही बंदुकीच्या फोटोमागे दडून राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"डोंगरात राहणारी जमात." बहुतेक कुर्द आज शहरांत राहतात. इराकमधलं हेवलेर (नकाशावर अर्बिल), सुलेमानी, दुहोक. तुर्कस्तानात दियारबकिर, ज्याला कुर्द आमेद म्हणतात. इराणात सनंदज आणि किरमानशाह. सुलेमानी हे 1784 साली बाबान घराण्याने वसवलेलं शहर. जगातलं सगळ्यांत मोठं कुर्द शहर कोणतं, असं विचारलं तर पुष्कळ जण इस्तंबूल हे उत्तर देतात, कारण 1990 च्या दशकात तुर्की लष्कराने कुर्द भागातली हजारो खेडी आणि वस्त्या रिकाम्या केल्या आणि तिथली माणसं शहरांच्या कडेला येऊन राहिली. इराकमध्ये त्याआधीच, सद्दाम हुसेनच्या सरकारने कुर्दांविरुद्ध काढलेल्या 1988 च्या अन्फाल मोहिमेपर्यंत, हजारो गावं जमीनदोस्त झाली होती. उरलेल्यांना रस्त्याकाठी आखून दिलेल्या वसाहतींमध्ये कोंबलं गेलं. डोंगर सुटला तो असा.

शहरातल्या घराची खरी लढाई कित्येक वर्षं विजेशी होती. इराकी कुर्दिस्तानात, म्हणजे उत्तर इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त प्रदेशात, सरकारी वीज वर्षानुवर्षं दिवसातले काही तासच येत असे. उरलेला वेळ गल्लीतल्या खाजगी डिझेल जनरेटरचा. त्याची वर्गणी युनिटवर नसे, अँपिअरवर असे. घर पाच अँपिअर घेई किंवा दहा, आणि महिन्याला दर अँपिअरमागे ठरलेले पैसे देई. पाच अँपिअर म्हणजे 220 व्होल्टवर जेमतेम 1100 वॅट. एवढ्यात फ्रिज, दिवे, टीव्ही आणि पाण्यावर चालणारा कूलर बसतो. दीड टनाचा एसी एकटाच सात-आठ अँपिअर ओढतो, म्हणजे तो लावताच ब्रेकर पडतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट घेतो. त्याच क्षणी कुणी इस्त्री लावली तरी तेच. हा ब्रेकर बरेचदा घरात नसे, गल्लीतल्या पेटीत असे. तो वर करायला जनरेटरवाल्याला फोन करावा लागे. हेवलेरला उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा घरातली बाई कूलर बंद करून धुण्याचं यंत्र लावी आणि धुणं झालं की पुन्हा कूलर. 2024 पासून प्रादेशिक सरकारने "रुनाकी" (उजेड) नावाची योजना आणली. स्मार्ट मीटर बसवायचे, चोवीस तास वीज द्यायची आणि भागाभागातले जनरेटर बंद करायचे, असं तिचं स्वरूप. तिथल्या घरगुती गप्पांत मीटरचं बिल हा बंदुकीपेक्षा फार मोठा विषय आहे.

"भाषा एक." मराठी वाचकाला हा मुद्दा सगळ्यांत रस वाटण्यासारखा आहे, म्हणून थोडं थांबू. कुर्मांजी आणि सोरानी ही दोन मोठी रूपं. कुर्मांजी तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या दुहोक भागात. सोरानी हेवलेर, सुलेमानी आणि इराणच्या सनंदज, महाबाद बाजूला. "कसा आहेस?" हे कुर्मांजीत "तू चावा यी?", तर सोरानीत नुसतं "चोनी?". झाझाकी आणि हवरामी यांना अनेक भाषाशास्त्रज्ञ वेगळ्या भाषा मानतात, पण त्या बोलणारे बरेच लोक स्वतःला कुर्दच म्हणवतात. लिपीही दोन. जलादत बदिरखान यांनी 1932 मध्ये दमास्कसहून काढलेल्या "हावार" नियतकालिकातून 31 अक्षरांची लॅटिन वर्णमाला रुळली, ती कुर्मांजीची. सोरानी अरबी लिपीत लिहिली जाते, मात्र अरबीत गाळले जाणारे ऱ्हस्व स्वरही ती बहुतेक लिहून दाखवते. त्यामुळे आमेदच्या मुलाने पाठवलेला संदेश सुलेमानीच्या मुलीला वाचताच येत नाही, असं होतं. ऐकला तर अर्धा कळतो.

कुर्दी ही अरबीची बोली, असंही काही जण त्या मजकुराखाली लिहितात. ते साफ चूक. कुर्दी इराणी शाखेची आहे, म्हणजे मराठीची दूरची चुलत बहीण. नावाला कुर्मांजीत "नाव"च म्हणतात. भावाला "बिरा", पाचाला "पेंज". आणि व्याकरण तर थेट ओळखीचं. आपण "मी सफरचंद खाल्लं" आणि "मी सफरचंदं खाल्ली" म्हणतो. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. कुर्मांजीत "मिन सेव ख्वार" म्हणजे मी सफरचंद खाल्लं आणि "मिन सेव ख्वारिन" म्हणजे सफरचंदं खाल्ली. कर्ता तोच, कर्म बदललं म्हणून क्रियापद बदललं. सोरानीत ही लकब अशी उरलेली नाही. इस्तंबूलमध्ये शिकलेल्या कुर्द मुलांचीही नेमकी इथेच चूक होते, कारण तुर्कीत असं काही नाही.

ही चूक होण्यामागे कायदा आहे. तुर्कस्तानात 1983 चा 2932 क्रमांकाचा कायदा 1991 पर्यंत लागू होता आणि कुर्दीत छापणं, प्रसारण करणं गुन्हा होता. तुर्की वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं नाहीत, म्हणून त्या अक्षरांची कुर्द नावं जन्मनोंदणीत घेतली जात नसत. उद्या कुणी "ळ" बेकायदा ठरवला आणि दाखल्यावर "बाळ"चा "बाल" झाला, तर कसं वाटेल? तिथे वेलात (मायदेश) हे नाव डब्ल्यूऐवजी व्ही घालून लिहावं लागे. ही तीन अक्षरं वापरायची मोकळीक 2013 च्या सुधारणांनंतर आली. 2012 पासून पाचवीपासून पुढे कुर्दी ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो, पण एका शाळेत किमान दहा मुलांनी तो मागावा लागतो. दहा झाली तरी शिक्षक नेमलेला नसला की वर्ग उघडत नाही आणि मुलांना दुसरा विषय घ्यावा लागतो. इराणात सक्कज गावच्या ज्या तरुणीचा 16 सप्टेंबर 2022 रोजी तेहरानमध्ये कोठडीनंतर मृत्यू झाला, तिला जग महसा अमिनी म्हणून ओळखतं, कारण कागदावर तेच नाव होतं. घरचे तिला जिना म्हणत.

"देश नाही, म्हणून नागरिकत्व नाही." बहुसंख्य कुर्दांकडे तुर्की, इराकी, इराणी किंवा सीरियन नागरिकत्व आहे. ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांच्याकडून ते एका ठरावीक दिवशी काढून घेतलं गेलं. 5 ऑक्टोबर 1962 रोजी सीरियाने हसका प्रांतात एका दिवसाची जनगणना केली. 1945 च्या आधीपासून इथे राहत असल्याचा कागद दाखवा, ही अट. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे असला कागद कुठून असणार? सुमारे 1,20,000 कुर्दांचं नागरिकत्व गेलं. त्यांतले काही "अजानिब", म्हणजे परदेशी, ठरले आणि त्यांना वेगळं ओळखपत्र मिळालं. बाकीचे "मक्तूम", म्हणजे नोंदच नसलेले; त्यांच्या हाती गावच्या मुख्तारने (गावप्रमुखाने) दिलेला एक कागद, तोही कधी चाले, कधी नाही. घर नावावर होईना, सरकारी नोकरी नाही, लग्नाची नोंद नाही, पासपोर्ट नाही. आईबापांचा दर्जा मुलांना लागत गेला, म्हणून आकडा पिढ्यांबरोबर फुगत गेला. एकाच घरात एक भाऊ नागरिक आणि दुसरा परदेशी, अशीही उदाहरणं झाली. एप्रिल 2011 मध्ये, उठाव सुरू झाल्यावर, अजानिबांना नागरिकत्व देणारा 49 क्रमांकाचा आदेश निघाला. मक्तूम त्यात नव्हते.

इराकमध्ये अडचण वेगळी. 2005 च्या संविधानाने कुर्दिस्तान हा अधिकृत संघीय प्रदेश आहे, पासपोर्ट इराकी आहे. अडतं ते पगारावर. सरकारी पगार आणि पेन्शन घेणारे बारा लाखांच्या आसपास. 2014 पासून बगदादच्या केंद्र सरकारशी तेल आणि अर्थसंकल्पाचा वाद चालू आहे, आणि तेव्हापासून पगार उशिरा, अर्धा किंवा मुळीच नाही असं कित्येकदा झालं. 2016 पासून काही वर्षं पगाराचा एक हिस्सा "सक्तीची बचत" म्हणून कापून ठेवला गेला. पगार लांबला की पहिला फटका वाण्याच्या वहीला बसतो: उधारी साचते, वाणी घाऊक व्यापाऱ्याला पैसे देऊ शकत नाही, आणि मग तोही रोखीवर येतो. 2023 च्या शरदात सुलेमानी भागातले शिक्षक संपावर गेले आणि शाळा काही महिने बंद राहिल्या. त्या मजकुरातल्या "पुस्तकाऐवजी" या शब्दाचा खरा संदर्भ शोधायचा असेल तर तो इथे आहे.

"मुली बंदूक उचलतात, म्हणून बायका स्वतंत्र." सीरियात 2013 मध्ये स्त्रियांची स्वतंत्र सेना उभी राहिली आणि कोबानी शहरासाठी आयसिसशी झालेल्या लढाईत तिने पराक्रम केला, हे खरं. पण चार देशांतल्या कोट्यवधी कुर्द स्त्रियांपैकी फारच थोड्या सैनिक आहेत. बाकीच्यांचं स्वातंत्र्य फोटोवरून मोजता येत नाही. इराकी कुर्दिस्तानात 2011 साली कौटुंबिक हिंसाचाराविरोधात 8 क्रमांकाचा कायदा झाला आणि मुलींची सुंता गुन्हा ठरली. कायदा करावा लागला, कारण ती प्रथा होती; राणिया भागात तर फार होती. तिथल्याच स्त्रियांनी गावोगाव फिरून तिच्याविरुद्ध बोलायला सुरुवात केली. अन्फालच्या विधवांची गोष्ट याहून कठीण. नवरा 1988 मध्ये ट्रकमधून नेला, प्रेत मिळालं नाही, मृत्यूचा दाखला नाही; त्यामुळे ना वारसा, ना पुनर्विवाह, ना रीतसर दुःख. शेतमजुरी करून त्यांनी पोरं वाढवली. शौर्याचा फोटोच हवा असेल तर तो यांचा काढावा.

आणि हातांची कला पाहायची असेल तर नानी तिरी पाहावी. पीठ, पाणी, मीठ, खमीर नाही. "तिरोक" नावाच्या बारीक लाटण्याने पोळी इतकी पातळ लाटायची की खालचा पाट दिसावा, आणि ती पालथ्या कढईसारख्या साजवर टाकायची. खानदेशातले खापरावरचे मांडे पाहिलेल्याला ही रीत लगेच कळेल. भाजून कडक झालेल्या पोळ्यांची चळत कित्येक आठवडे टिकते. जेवणाआधी पाण्याचा शिपका मारून फडक्याखाली दहा-पंधरा मिनिटं झाकायची, की मऊ होते. ऐन वेळी पाणी मारलं तर वरून ओली, आतून कडक राहते आणि तुकडे पडतात. दाट थर एकदम भिजवला तर पोळ्या एकमेकींना चिकटतात.

"तस्करी करून पोट भरतात." इराणच्या बाने, मरिवान, सरदश्त या भागांत फारसे कारखाने नाहीत, म्हणून माणसं कोलबर होतात. कोल म्हणजे पाठ, बर म्हणजे वाहणारा. इराकी बाजूने टायर, सिगारेट, टीव्ही, कापड आणायचं. ओझं 25 ते 50 किलो, कधी त्याहूनही जास्त. माल त्यांचा नसतो, नफाही त्यांचा नसतो. मिळते ती हमाली, आणि माल जप्त झाला तर काही वेळा भरपाई त्यांच्याच गळ्यात पडते. वाटेत सीमा पहाऱ्याची गोळी, हिमकडा आणि 1980–88 च्या इराण-इराक युद्धातले सुरुंग. डिसेंबर 2019 मध्ये मरिवानजवळच्या तते खिंडीत दोन किशोरवयीन भाऊ बर्फात गारठून गेले. तुर्कस्तानात 28 डिसेंबर 2011 च्या रात्री रोबोस्की गावाजवळ खेचरांवर इंधन आणि सिगारेटी घेऊन परतणाऱ्या 34 गावकऱ्यांवर तुर्की विमानांनी बॉम्ब टाकले. त्यांत बरीच शाळकरी मुलं होती. त्यांना तस्कर म्हणणं म्हणजे गोदीतल्या हमालाला जहाजाचा मालक म्हणण्यासारखं आहे.

"स्वप्न एक" याला फार शब्द नकोत. कुर्दांत धर्मपंथही अनेक: सुन्नी आहेत, अलेवी आहेत, यझिदी, यारसान आणि शिया फैली आहेत. 1994 पासून काही वर्षं इराकमधले दोन मोठे कुर्द पक्ष एकमेकांशी लढले. त्याचा ठसा इतका राहिला की एक काळ हेवलेरची आणि सुलेमानीची मोबाइल सेवा वेगळी होती आणि दोन्हीकडे काम असलेला माणूस दोन सिम बाळगत असे.

उरला डोंगर. "डोंगराशिवाय मित्र नाही" ही म्हण कुर्दांचीच, मजकूरवाल्यांची नव्हे. 1991 च्या वसंतात इराकमधला सद्दामविरुद्धचा उठाव मोडल्यावर लाखो लोक तुर्की आणि इराणी सीमेकडच्या डोंगरांत पळाले, आणि तिथेच थंडीने, जुलाबाने लहान मुलं आणि म्हातारी माणसं गेली. तरीही मार्च उजाडला, नवरोज (नवं वर्ष) आला, की याच उतारांवर सहली निघतात. सोबत दोलम्याचं पातेलं: तळाला मटणाच्या बरगड्या, वर द्राक्षाची पानं, कांद्याच्या पाकळ्या आणि वांगी, तांदळाने दोन तृतीयांशच भरलेली, कारण दाबून भरलं तर भात फुलताना पान फाटतं. वरून उपडी थाळी, म्हणजे उकळीत गुंडाळे सुटत नाहीत. जेवताना पातेलं परातीवर पालथं करतात. सतरंजी मात्र आधी तुडवलेल्या गवतावरच पसरतात, सुरुंगांचा इशारा देणारी लाल त्रिकोणाची पाटी दिसली की त्या बाजूला पोरांना जाऊ देत नाहीत. याच दिवसांत उतारावर कंगर आणि रेवास या रानभाज्या येतात, बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो. त्या खुडायला पाटीच्या पलीकडे गेलेल्यांचे पाय सुरुंगांवर अजूनही पडतात.